बाळंतिणीचं सामान

काटा अजून थरथरत होता. तबकडीवरचे आकडे घासून पुसट झालेले, खालच्या हुकात बॅगेची मूठ अडकवलेली, आणि शौकीचा हात कोपरापासून कापत असल्यामुळे काटा बावीस आणि तेवीसच्या मध्ये कुठेतरी, धड इकडे ना तिकडे... काट्याला मासळीचा वास येत होता. शौकीने तो काल संध्याकाळी बाजारातल्या मासेवाल्याकडून मागून आणला होता, आणि इन्शिराहने तो दोनदा साबणाने घासूनही वास गेला नव्हता.

"तेवीसच्या आत आहे," शौकी म्हणाला. "ठेवू का आता? की माझा खांदा निखळल्यावर त्याचंही वजन करायचंय?"

"ठेव."

त्याने बॅग स्वयंपाकघराच्या फरशीवर टेकवली. शौकी तिचा धाकटा भाऊ. मन्सूरा ते कैरो मायक्रोबस चालवायचा, आणि आजची सकाळची फेरी त्याने बहिणीसाठी सोडली होती. तो चहा प्यायला बसला. ती बॅगेकडे बघत उभी राहिली. ही बॅग दुसऱ्यांदा भरलेली होती. पहिल्यांदा भरली तेव्हा ती काट्यावर घालायची कुणाला आठवणही झाली नव्हती, कारण तेव्हा सगळं हलकंच होतं — बोटभर लांबीचे मोजे, झबली, कानांवर येणाऱ्या टोप्या. वजन असं त्यात काय असणार... आणि तिच्या मुलीचा, रबाबचा, नवरा वगदी मस्कतहून फोनवर हसत म्हणाला होता, "सासूबाई, तिकीट सगळ्यांत स्वस्तातलं काढलंय. एकच बॅग, तेवीस किलो. तारीख बदलता येणार नाही, म्हणजे बदलली तर तिकिटापेक्षा जास्त दंड. तेव्हा बाळाला सांगून ठेवा, वेळेवर ये म्हणावं."

मी हसले होते तेव्हा. मोठ्याने हसले होते.

बाळ वेळेवर आलं नाही. आधीच आलं, आणि आलं तेच न रडता आलं. दुपारची वेळ होती, ती मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती, आणि फोनवर रबाब नव्हती, वगदी होता. एवढ्यावरूनच तिला कळलं होतं; पुढचं त्याने सांगितलं ते तिने ऐकलं की नाही हेही तिला आठवत नाही. तिला त्याच दिवशी निघायचं होतं. पण व्हिसा यायचा होता, आणि तो आला तेव्हा तिकिटाची तारीख दोन दिवसांवर आली होती. वगदी म्हणाला, ठरल्या दिवशीच या, ती नुसती झोपूनच असते. म्हणून आज ती निघाली होती — आनंदासाठी काढून ठेवलेल्या तारखेला, आनंदाच्याच तिकिटावर, आणि तिकिटाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

रबाब फोनवर एकच वाक्य बोलली होती, अगदी सपाट आवाजात. "आई, बाळाचं काही आणू नकोस."

तेव्हा बॅग रिकामी केली. शेजारची इहसान मदतीला आली होती. सातव्या दिवसाच्या समारंभात बाळाला ठेवायला आणलेली, रंगीत फिती लावलेली चाळणसुद्धा तिनेच उचलून कपाटावर टाकली, मागे भिंतीला लागेल अशी. झबली तिने इन्शिराहला घडी घालू दिली नाहीत. सगळं गेलं आणि तळाशी ती मोठी बरणी राहिली — मुघात. मुळाची पूड गावच्या तुपात भाजून, त्यात तीळ, बदाम, पिस्ते, खोबरं घालून इन्शिराहने स्वतः केलेली. नुसतं दूध ओतून उकळायचं की बाळंतिणीचं पेय तयार. भाजताना सगळ्या जिन्यात वास दरवळला होता आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांनी खाली डोकावून "मुबारक" म्हटलं होतं.

"हे नेऊ नकोस," इहसान म्हणाली होती.

"कंबर भरून येते गं त्याने. रक्त किती गेलंय तिचं..."

"कंबर भरेल, आणि दूध? मुघातने दूध येतं, बाई. आलेलं दूध ती कुणाला पाजणार?"

मूल नसलेली बाई बाळंतीण असते का? नऊ महिने — नऊ नव्हे, आठ — पोटात वागवलं, कळा दिल्या, टाके पडले... शरीराला कोण जाऊन सांगणार की हे सगळं धरायचं नाही म्हणून? इहसान गेल्यावर तिने बरणी पुन्हा बॅगेत ठेवली होती, एका जाड शालीत गुंडाळून. देणं न देणं तिथे गेल्यावर बघू. नाहीतर आपणच पिऊ. म्हाताऱ्या बाईच्या कंबरेलाही चालतं की.

गाडीत शौकी फारसा बोलला नाही. बन्हा मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे ढीग लावलेल्या हातगाड्या येऊन गेल्या, आणि मग एकदम, आरशात न बघता तो म्हणाला, "ताई, तिथे गेल्यावर तिच्यासमोर रडू नकोस हं. आणि विषयच काढू नकोस. विषय काढला नाही की माणूस विसरतं."

"हं."

"तूच बघ. तू विसरलीसच ना."

तो सहज बोलून गेला. त्या वेळी तो शाळेत जाणारा मुलगा होता, त्याला काय ठाऊक असणार... घरात सगळ्या आरशांवर कापड टाकलं होतं एवढंच कदाचित त्याला आठवत असेल. रबाबच्या आधीचा तिचा मुलगा. दोन दिवस जगला. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि सासरे त्याला एका पांढऱ्या कापडात घेऊन गेले, आणि दुपारी परत आले तेव्हा सासऱ्यांच्या चपलांना ओली माती होती. नंतर त्या घरात कुणी त्याचा उल्लेख केला नाही. दूध आटावं म्हणून सासूने तिची छाती घट्ट बांधली, कोबीची पानं आत घालून. सगळे चांगलं वागले. इतकं चांगलं वागले की जणू काही झालंच नव्हतं, आणि तीही मग तशीच वागत गेली. पुढे रबाब झाली, नवरा वारला, दात पडायला लागले, आणि या एवढ्या वर्षांत —

"झोप लागली का?" शौकीने विचारलं.

"नाही. रस्त्याकडे बघ तू."

विमानतळाच्या दारात पोरं प्लॅस्टिक गुंडाळायचं यंत्र घेऊन उभी होती. शौकीने घासाघीस करून बॅग गुंडाळून घेतली. ती आता हिरवट, चकचकीत, कोशात शिरल्यासारखी दिसत होती. शौकीला आत जाता येत नव्हतं. "बॅग गेल्याचा फोन येईपर्यंत मी इथेच आहे," तो म्हणाला. "काही काढायला लावलं तर दारापर्यंत आणून दे. त्यांना फुकट देऊ नकोस."

आतल्या रांगेत मस्कतला कामाला निघालेले पुरुषच जास्त होते. तिच्या मागचा माणूस दोरखंडाने आवळलेलं खोकं पायाने ढकलत पुढे सरकत होता. खिडकीतली मुलगी कोवळी होती, डोळ्यांखाली काळं. तिने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली, आणि पट्ट्याशेजारच्या चौकोनात लाल आकडे उमटले. ते थरथरले नाहीत. सत्तावीस.

"मावशी, चार किलो जास्त आहे."

"घरी मोजली होती मी. तेवीसच्या आत होती."

"कशावर मोजली होती?"

मासेवाल्याच्या काट्यावर, असं काही तिला सांगवलं नाही. मुलगीच पुढे म्हणाली, "एक किलो मी सोडून देते. तीन काढा, नाहीतर पैसे भरा." आणि तिने किलोमागचा दर सांगितला. तो इन्शिराहच्या पेन्शनमध्ये बसला असता, फक्त मग महिना बसला नसता.

"हातातल्या पिशवीत घेते."

"तीही ठेवा बघू." पिशवी ठेवली. "ही सातच्या वर आहेच. हिच्यात काही घालू नका. एवढीच मी बघितली नाही असं म्हणते."

मागचा माणूस खोक्यावर हात टेकून म्हणाला, "माझ्याकडे दिलं असतं बाई, पण माझंच खोकं माझ्या सासूसारखं आहे — जागचं हलत नाही, वर पैसे मागतं. आणि दुसऱ्याची वस्तू घेऊ नका असं यांनी तिकडे भिंतीवर लिहून ठेवलंय."

दोघं-तिघं हसले. तीही हसली, सवयीने. मुलीने कात्री दिली. प्लॅस्टिक कापताना तो कर्रकर्र आवाज सगळ्या रांगेला ऐकू जात होता, आणि मग झिप उघडली, आणि तिचं सगळं... आतले कपडे, वाळवलेली मुलुखिया, बर्फ करून वर्तमानपत्रात बांधलेली कबुतरं, आणि मधोमध, अर्धी बॅग अडवून बसलेलं वगदीच्या आईचं गाठोडं. तुपात थबथबलेल्या फतीरच्या पोळ्या, जुन्या चीजचं मडकं, मधाचा डबा. काल रात्री वगदीच्या आईने ते स्वतः आणून दिलं होतं आणि म्हटलं होतं, "माझ्या पोराने काय भोगलंय ते माझं मला ठाऊक." पोराने. ते गाठोडं काढलं तर पुढची दहा वर्षं रबाबला ऐकून घ्यावं लागेल. ते काढता येत नाही. कबुतरं काढली तर सूप कशाचं करायचं? ती काढावीत तरी अर्धा किलो जेमतेम... तिचा हात शालीवर गेला. शाल उलगडली. बरणी थंड होती.

जे मागायला कुणी येणार नाही तेच काढावं. आणि हे कोण मागणार आहे? एकीने म्हटलं नेऊ नकोस, दुसऱ्याने म्हटलं विषय काढू नकोस, आणि ज्या मुलीसाठी केलं तिनेच सांगितलं काही आणू नकोस. सगळे एकच सांगत असताना आपणच का म्हणून... तिने बरणी बाहेर काढून जमिनीवर ठेवली. लाल आकडे उतरले. चोवीसच्या जरा आत.

"झालं," मुलगी म्हणाली, आणि मग बरणीकडे नजर जाऊन तिचा चेहरा जरा उजळला. "मुघात आहे ना? कुणाला झालं, मावशी? मुलगा की मुलगी?"

"मुलगा," इन्शिराह म्हणाली.

हा शब्द तोंडातून कसा गेला तिला कळलं नाही. मुलगी म्हणाली, "मुबारक हो, मावशी," आणि बोर्डिंगचा कागद तिच्या हातात दिला, आणि बॅग पट्ट्यावरून रबराच्या झालरीआड गेली.

दारातल्या पोलिसाने बरणी पलीकडे देऊ दिली. शौकीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि काही विचारलं नाही; फक्त म्हणाला, "बरं केलंस," आणि बहिणीच्या डोक्यावर ओठ टेकवून घाईघाईने वळला, त्याची गाडी भलत्याच जागी उभी होती म्हणून.

ती विमानाच्या दाराशी जाऊन बसली तेव्हा फोन वाजला. रबाब. किती दिवसांनी तिने आपणहून...

"आई, आत गेलीस?"

"गेले गं. बसलेय. बॅगही गेली."

"किती भरली?" मग उत्तराची वाट न बघता, हलक्या, जरा लाजल्यासारख्या आवाजात, "आई, मुघात आणतेयस ना?"

समोर काचेबाहेर एक गाडी बॅगा भरून चालली होती.

"तू म्हणालीस काही आणू नको..."

"बाळाचं म्हटलं होतं गं. मुघात बाळाचा कुठे असतो? तो माझा." ती थांबली. "इथे सगळे मला आजारी माणसासारखं वागवतात. सूप देतात, गोळ्या देतात. वगदी चांगला आहे, आई, खूप चांगला वागतो. पण मी आजारी नाहीये. मी... दूध अजून येतंच आहे. सकाळी कपडे ओले असतात. कुणाला सांगू? मला वाटलं तू आलीस की तू करून देशील, जसा सगळ्यांना मिळतो तसा. एक वाटी."

"इथेच राहिला," इन्शिराह म्हणाली. "वजन जास्त झालं. मी काढला."

वगदीच्या आईच्या गाठोड्याचं सांगावं असं तिला वाटलं आणि वाटलं तसंच विरून गेलं. काय सांगायचं? की काढायला एकच वस्तू होती आणि ती तुझी होती...

"बरं," रबाब म्हणाली. "असू दे. ये तू." आणि फोन बंद झाला.

घोषणा झाली. माणसं उठली, रांग लागली, खोक्यावाला माणूस आता मोकळ्या हातांनी पुढे उभा होता आणि काय करावं न कळून ते सारखे खिशात घालत होता. इन्शिराह उठली. मस्कतला मूळ मिळेल, तूप मिळेल, करून देता येईल — हे सगळं खरं होतं, आणि ते तिने मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. पण आत जे तुटत चाललं होतं त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. मुलीने मला आई म्हणून बोलावलं होतं, आणि मी एक शहाणी, समजूतदार शेजारीण होऊन निघाले. सगळे चांगलं वागतात तसं मीही चांगलं वागले.

आणि मी अजून तिला काही विचारलेलंच नाही. कुठल्याही आजीने पहिल्या फोनवर विचारलं असतं ते. कुणावर गेला होता? रबाबने त्याला पाहिलं असेल. क्षणभर तरी दिलं असेल तिच्या हातात. आणि तेव्हापासून ती ते पाहिलेलं एकटीच सांभाळत बसली असेल, कुणी विचारत नाही म्हणून. विचारलं आणि ती कोसळली तर? विचारलं आणि ती म्हणाली, आई, नको ना... तर? विमानापर्यंतच्या अरुंद बोगद्यातून ती इतरांच्या पाठींमागून चालत होती, पायांखालची जमीन किंचित हलत होती, आणि प्रश्न तिच्या जिभेवर आला तसा परत गेला, पुन्हा आला. तिला माहीत नव्हतं तिच्याने तो विचारवेल की नाही. पण त्याच्या मागून, न बोलावता, दुसरंच काही वर येत होतं — इतक्या वर्षांत ज्याचा प्रश्नच कुणी केला नाही त्याचं उत्तर — रुंद कपाळ, मधे दबलेली भुवई, चिडक्या म्हाताऱ्यासारखी आवळलेली हनुवटी...

माझ्या वडिलांवर गेला होता तो. अगदी हुबेहूब. मी पाहिलं होतं.