न सांगितलेला समुद्र

काच नव्हती ती... नखानं टोकरून पाहिलं तेव्हा भिकनला कळलं, शिंपला आहे. पातळ घासलेला, चौकोनी कापलेला, लाकडाच्या चौकटीत एकाखाली एक बसवलेला. अख्खी खिडकी शिंपल्यांची, आणि तिच्यातून येणारं ऊन ऊन राहत नव्हतं, दुधासारखं मऊ होऊन जमिनीवर सांडत होतं. आमच्या बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्याच्या वस्तीत, ऊन पत्र्यावर आदळतं, डोक्यात शिरतं. इथल्या लोकांनी समुद्रातल्या किड्याच्या घरातून उजेड गाळून घेतला होता, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. ज्या बाईला काहीतरी वाटायला हवं होतं ती समोर बसून सुपात तांदूळ निवडत होती आणि सांगत होती, तिला मुलगा नाही.

"म्हाका पूत ना." दोनदा.

"माय, मी अनंताचा दोस्त आहे," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "बुऱ्हाणपूरहून आलो. तो जिंदा आहे, बस, एवढंच सांगायचं होतं."

तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला.

बुऱ्हाणपुराहून इथवर... तीन गाड्या, दोन रात्री, आणि सरहद्दीवर पोर्तुगीज शिपायानं त्याचं गाठोडं उसकटलेलं, भेटीला आणलेलं प्रत्येक सुकेळं बोटांनी मोडून पाहिलेलं, आत चिठ्ठी आहे का म्हणून. म्हणूनच अनंतानं चिठ्ठी दिली नव्हती. पाचशेवर संस्थानं आपल्या मुलखात आली तेव्हा शनवाऱ्यात गूळ वाटला, मीही दोन खडे खाल्ले. आणि ही एवढी किनाऱ्याची पट्टी राहिलीच. दोस्ताच्या आईला भेटायचं तर समुद्रापलीकडच्या कुठल्या गोऱ्या साहेबाचा शिक्का लागतो, आणि आपले दिल्लीवाले भाषणं करतात. अनंतानं केलं काय होतं? बाजारात उभं राहून एक घोषणा दिली. एक. त्यापायी रात्रीतून पळाला तो थेट तापीकाठी, माझ्या शेजारच्या मागावर कापड विणायला.

स्वयंपाकघराच्या दारात मालती उभी होती, अनंताची बहीण. तिनंच मघाशी विहिरीवर हातपाय धुवायला पाणी काढून देताना सांगितलं होतं, शेजारणीचं भांडण सांगावं तसं — की गेल्या साली असाच एकजण आला होता. अनंताचा मित्र म्हणून. चांगला बोलायचा, आमटीला नावाजून गेला. आई त्याच्यापुढं मोकळी झाली, रडली, मुलाबद्दल विचारलं. आठ दिवसांनी पोलीस आले आणि बाबांना घेऊन गेले. परत आणून टाकलं ते बाजेवरून उठलेच नाहीत. चतुर्थीच्या आधी गेले.

तेव्हापासून तिला मुलगा नाही.

बरोबर आहे, हे त्याला कळत होतं. कळूनही संताप जात नव्हता. मी हेर? मी, ज्यानं त्याला तापात मांडीवर घेऊन पेज पाजली? त्यानं मनात सगळी पोतडी उलटी केली. सांगू काय? भुवईवरचा व्रण पोलिसालाही ठाऊक असणार. तंबाखूला चुना जास्त लावतो, शेठशी भांडतो, हिंदीत शिव्या देतो, शेवेशिवाय त्याला घास उतरत नाही — हे सगळं खरं, पण आमच्याकडचं. तिला काय कळणार त्यातलं? आणि जे तिला कळलं असतं ते त्यानं मला कधी सांगितलंच नव्हतं. गाव किनाऱ्याला आहे, एवढंच. तिचा अनंत आणि माझा अनंत यांची गाठच पडत नव्हती. आणि मी त्या दोघांच्या मध्ये उभा, कुणाच्याच ओळखीचा नाही.

जेवण मात्र वाढलं. पाहुणा हेर असला तरी उपाशी पाठवायचा नाही, असं असावं इथलं. सुकेळ्यांचं ताट तसंच पडून होतं, आईनं एकालाही हात लावला नव्हता. मालती म्हणाली, "केळी सुकवून इतक्या लांब आणलीत? आमच्याकडे केळी होत नाहीत असं वाटलं की काय?" तो हसला. आई हसली नाही.

गाडीला वेळ होता. मालती म्हणाली, आलाच आहात तर दर्या तरी बघून जा. ती पुढं, तो मागं, आणि बऱ्याच मागून आई. कुणाला भेटतो, कुणाला खूण करतो ते पाहायला, दुसरं काय. माडांच्या बनातून वाळू लागली, चढण लागली, आणि चढणीच्या माथ्यावर...

एवढं असतं?

पुस्तकांतून वाचलं होतं त्यानं, रद्दीतली पुस्तकं आणून दिव्याखाली एकट्यानं वाचलं होतं — अथांग, अफाट, निळाशार — सगळे शब्द चोरांनी लिहिलेले निघाले. पलीकडचा काठ नाही. ज्या पाण्याला पलीकडचा काठ नाही त्याच्यापुढं माणसानं उभं कसं राहायचं? आणि ते पाणी उठत होतं, अंगावर येत होतं, मोडून पडत होतं, पुन्हा उठत होतं, कुणी बघो न बघो. पायांतल्या वहाणा कधी निघाल्या, त्याला कळलं नाही. तो वाकला. तापीत पाय घालण्याआधी आमच्याकडे ओंजळ भरतात, डोळ्यांना लावतात, एक घोट घेतात — पाय लावतो आहे, माय, माफ कर. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, घोट घेतला.

आणि ठसकला. नाकातून, डोळ्यांतून, घशातून मीठ. खारट असतं हे मला ठाऊक नव्हतं का? पण हातांनी पुस्तकं वाचलेली नसतात.

मालती पोट धरून हसत होती. "अगं आई, हा दर्या प्याला!"

आई काही पावलांवर थांबली होती. जाळी ओढणारी माणसं दूर होती, तरी ती मोठ्यानं बोलली नाही. तिचे ओठ नुसते हलले, लाटांत आवाज बुडाला. पण मागखात्यात मागांच्या खडखडाटानं दिवसभर कानठळ्या बसतात, आम्ही एकमेकांशी बोलतो ते ओठ बघूनच. त्यानं बरोबर वाचलं.

"अनंतान सांगलें ना तुका?"

अनंत. नाव घेतलं तिनं.

त्यानंही आवाज काढला नाही. मागावरून मागावर बोलावं तसे ओठ सावकाश, मोठे हलवले. "नाही, माय. दर्याचं कधीच नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग त्याच्यावरून नजर काढून पाण्याकडे. दर्या पिणारा माणूस हेर नसतो, एवढी तिला ओळख पटली, की आणखी काही पटलं... विचारायची त्याला हिंमत झाली नाही. दुपारभर जी कबुली तिच्याकडून वसूल करायची ठरवली होती ती त्याला आता आठवेना.

सहा वर्षं. घुम्या म्हणायचो मी त्याला. घुम्या, तोंडात मूग आहेत का रे? आणि हे — हे सगळं, रात्रंदिवस गर्जणारं, काठ नसलेलं — तो शेजारच्या मागावर छातीत घेऊन उभा होता, धागे सांधत होता, आणि थेंबभर बाहेर येऊ दिलं नाही त्यानं. तोंडातलं मीठ जात नव्हतं. परत गेल्यावर त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं, आणि आजवर ज्या माणसाच्या खांद्यावर सहज हात पडत आला, त्याच्याजवळ जायची भिकनला आता भीती वाटत होती.