सर्व्हरचा उतारा

नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तकांसाठी कधी झाली नाही एवढी गर्दी त्या मंगळवारी एका काळ्या डब्यासाठी झाली. डबा म्हणजे बॅकअप सर्व्हर. ताराचंदबाबांनी त्याच्यावरून लिंबू ओवाळलं. "डेटा डेटा, सोड फाटा, धर आपल्या घरच्या वाटा!" मग सुरीनं कापलं. लिंबातून रक्त! आणि डब्याचा लाल दिवा हिरवा झाला. लोकांनी हात जोडले.

"आता हा चौकात ठेवून या," बाबा म्हणाले. "मागं वळून पाहाल तं गेले!"

भानगड एका शब्दाची होती. सर्व्हरवाल्यांनी पत्र पाठवलं होतं, 'डेटाबेस फुगला आहे. त्याचा उतारा काढून पुन्हा भरावा.' सचिव मनोहररावांनी उतारा म्हणजे नक्कल असं न समजता थेट बाबा आणले.

"काका, आजीचा आवाज हाये त्याच्यात!" आमची संगणक सांभाळणारी कामिनी रडकुंडीला आली. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या आठवणी सांगणाऱ्या भीमाबाई तिची आजी. आजी वारली, मूळ डिस्क महिन्यापूर्वी जळाली. उरला होता तो हा डबा.

मनोहररावांनी तो उचलायला घेतला.

मी तिथला रोजचा म्हातारा वाचक, डब्यासमोरच बसणारा; माझ्या वहीत त्या दिव्याच्या आठवडाभराच्या वेळा होत्या. पण माझं चुकलं असेल तर? एवढ्या लोकांसमोर? "थांबा," मी म्हणालो, बहुधा मनातच.

"थांबा ना काका! आजोबा काही सांगून राहिले!" कामिनी ओरडली.

आता सुटका नव्हती. "दिवा... रोज अकरालाच हिरवा होतो. डब्याची सकाळची आपोआप होणारी तपासणी तेव्हा संपते. बाबा काल पाहणीला आले, तेव्हाही अकराला झाला होता."

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

"अन् रक्त?" मनोहरराव.

"दुसरं लिंबू, चहावाल्याच्या सुरीनं कापा."

साधा रस निघाला. मग बाबांच्या सुरीची कोरडी बाजू लिंबाच्या फोडीवर घासली. लाल! सुरीला जास्वंदीचा रस लावून वाळवला, की लिंबाच्या आंबटानं तो लाल होतो. पुस्तकात वाचलं होतं. खरं ठरलं याचं मलाच नवल वाटलं.

"मशीन कोपन!" बाबा गरजले.

"मंग तुमचा मोबाइल ठेवा ना चौकात," कामिनी म्हणाली. "लय बाधा असन त्याच्यात." लोक हसले. बाबा खरोखरच मागं वळून न पाहता गेले.

दुपारी कामिनीनं खरा उतारा काढला. सर्व्हरचं काम थांबवून सगळ्याची नक्कल आधी वेगळ्या डिस्कवर घेतली. मग कुठला आवाज कुठे ठेवलाय याची यादी, म्हणजेच डेटाबेस, बाहेर उतरवली, नोंदी मोजल्या, कोऱ्या जागेत भरली, पुन्हा मोजल्या. जुनी मात्र पुसली नाही.

"नवी नीट चालली का मंग पुसू," ती म्हणाली, आणि एक नोंद लावली.

भीमाबाई बोलू लागल्या, "आम्ही उमरेडवरून पायी निघालो. लोक म्हणे, देव कोपन. म्या म्हटलं, कोपू दे गा, मंग पाहू!"

मनोहररावांनी टोपी काढली. माझं एवढंच सांगणं आहे, डबा चौकात नेण्याआधी घड्याळ पाहा, सुरी पाहा. आणि शंका आली तर विचारा. आवाज माझ्याएवढा बारीक असला तरी.