पट्टीवरचे स्क्रू

माणसापेक्षा उंच दांडा, त्यावर कुऱ्हाडीचं पातं, पात्यामागे आकडा आणि वर भाल्याचं टोक, याला हॅलबर्ड म्हणतात. आमच्या संग्रहालयातल्या एकुलत्या एक हॅलबर्डला सरांनी चिठ्ठी लावली होती: युरोप, अंदाजे १५२०. सर म्हणजे मला या कामात हाताला धरून उभं करणारे. निवृत्तीनंतर ते संग्रहातल्या सगळ्या शस्त्रांची सूची लिहीत होते. ती छापायला जायच्या आधी शेवटची बैठक झाली, आणि तिथे मला शहाणपणा सुचला. पात्याखालून दांड्यावर उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या दाखवत मी म्हणालो, हे स्क्रू यंत्रावर कापलेले आहेत, म्हणजे अख्खी वस्तू एकोणिसाव्या शतकातली, दिवाणखान्यात टांगायची नक्कल. सर चाचरत म्हणाले की दांडा किडला होता तेव्हा स्क्रू बहुतेक त्यांनीच मारले, कुठंतरी लिहूनही ठेवलंय. मी हसलो.

"सर, आता आठवणीवर तारखा ठरवायच्या का?"

बाकीचेही हसले. सूची परत गेली. सरांनी ती पुन्हा हातात घेतली नाही.

मार्चमध्ये दुरुस्तीची जुनी वही उघडली, तीही भलत्याच कामासाठी. सरांचं टपोरं अक्षर: दांडा नवा, पट्ट्या मूळच्या, खिळे गंजल्यामुळे स्क्रू. मी एक स्क्रू काढून पाहिला. त्याच्या डोक्याखाली पट्टीतलं भोक चौकोनी होतं, जुन्या घडीव खिळ्यासाठी हाताने पाडलेलं. मी वस्तूचं वय तिच्या ठिगळावरून ठरवलं होतं. एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

वही मिटली. आज जाऊ, उद्या जाऊ करत डिसेंबर उजाडला. वेळ नव्हता असं नाही, लाज वाटत होती, आणि दिवसागणिक ती वाढतच गेली. शेवटी काकूंचा फोन आला की सर सगळी पुस्तकं रद्दीत काढतायत.

दारातच सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि वही पुढे केली. सरांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"मला वाटलं, डोकं चालेनासं झालं माझं," ते म्हणाले. "दवाखान्यात जाऊन तपासूनही आलो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं रे हे?"

"काल," मी म्हणालो.

सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आणि लगेच आलास," ते म्हणाले.