एमेटचं माप

व्हर्जिलसारखा हट्टी माणूस अख्ख्या आयडाहोत सापडणार नाही. त्याच्या गॅरेजातल्या बाकावर मी घरी काडतुसं भरायची तीन पुस्तकं उघडून ठेवली होती. तिन्हींत मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं तेच काडतूस, तीच दारू, तेवढ्याच वजनाची गोळी. पण दारूचं जास्तीत जास्त माप प्रत्येकात वेगळं. सगळ्यांत जुन्या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं.

"कंपन्या वकिलांना घाबरतात रे," व्हर्जिल म्हणाला. "दर आवृत्तीत माप उतरवतात."

"वजन तेच असलं तरी गोळ्या वेगळ्या आहेत! तुझी ही लांबट, काडतुसाच्या पुंगळीत खोल बसते. आत जागा उरत नाही, दाब वाढतो. पुस्तकांचं जमत नसेल तर सगळ्यांत खालच्या मापापासून सुरू करायचं, हे मला शिकवलं कुणी? तूच ना?"

"आणि एमेट काय येडा होता?" त्यानं खिशातून चिठ्ठी काढली.

एमेट त्याचा धाकटा भाऊ, मार्चमध्ये गेला. येत्या शनिवारी, त्याच्या वाढदिवशी, त्याची बायको ओपल त्याच्याच रिव्हॉल्व्हरनं सहा बार काढणार होती. शिकारीत एक एल्क हरीण नक्की कुणाच्या गोळीनं पडलं, या भांडणापायी व्हर्जिल भावाशी सहा वर्षं बोलला नव्हता. आता निदान काडतुसं तरी आपण भरावीत, ती एमेटच्याच मापानं भरावीत, असं त्यानं मनात घेतलं होतं. मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. एमेट गेल्यावर त्याच्या काडतुसं भरायच्या प्रेसवर चिकटवलेल्या कार्डावरून उतरवून आणलेलं चिठ्ठीतलं माप जुन्या पुस्तकाच्याही वरचं होतं, आणि ह्यानं पन्नास काडतुसं भरूनही ठेवली होती.

मी त्याच्यासमोरच ओपलला फोन लावला. चुगली तर चुगली. रिव्हॉल्व्हर फुटली तर हात तिचा जाणार होता.

अर्ध्या तासात ती आली, ते कार्ड प्रेसवरून सोलून घेऊनच.

"चांगली मापं तो वहीत लिहायचा," ती म्हणाली. "प्रेसवर लावायचा ती फसलेली. पुन्हा तिकडे हात जाऊ नये म्हणून. पण तुला कसं माहीत असणार, व्हर्जिल? तो होता तोवर सहा वर्षांत आमच्या दारात पाऊल टाकलंस का कधी?"

व्हर्जिलनं कार्ड उलटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कार्ड माझ्या हातात दिलं.

मागे एमेटचं किरटं अक्षर होतं: 'दाब फार. पुंगळ्या अडकल्या. ठोकून काढाव्या लागल्या. व्हर्जिलकडेही असलीच रिव्हॉल्व्हर आहे. त्याला सांगायला हवं.'

व्हर्जिलनं भिंतीवरून गोळ्या उपटायचा हातोडा काढला आणि पन्नास काडतुसांचा डबा पुढे ओढला. ओपल त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. तो एकेक काडतूस हातोड्यात बसवून, बाकावर ठोकून गोळी आणि दारू सुटी करत राहिला.

सातव्या काडतुसाला तो थांबला.

"एल्क त्याचाच होता," तो म्हणाला.