दुसरा डार्ट

सातपूरच्या एका कारखान्याच्या शेडचं शटर कामगारांनीच खाली ओढलं होतं. पहिल्या पाळीची माणसं मशीन सुरू करतायत तोच बिबट्या आत शिरला, एकाच्या खांद्याला ओरबाडून गेला आणि प्रेस मशीनच्या मागे दडला. डॉक्टर मनाली गाडीतून उतरल्या तेव्हा रस्ता माणसांनी तुंबला होता. समोरच्या गच्च्यांवर पोरं मोबाईल उंचावून उभी होती.

"मॅडम आल्या, सरका!" कुणीतरी ओरडलं आणि वाट झाली.

बिबट्या निघाला की मनालींना बोलावणं यायचंच. उसाच्या फडात, बंगल्याच्या जिन्याखाली, कोरड्या विहिरीत त्यांनी भुलीचा डार्ट मारून इतके बिबटे धरले होते, की जनावर नजरेनंच तोलायची सवय त्यांना जडली होती. सृष्टी त्यांच्या हाताखालची पशुवैद्य, गेल्या पावसाळ्यात रुजू झालेली. येताना गाडीत तिनं विषय काढला होता. "मॅडम, वजनाचा अंदाज दोन बाजूंनी घेतला तर..."

"अगं, तो काय फोटोला उभा राहणार आहे? तू औषधांची पेटी सांभाळ."

वनरक्षक रंगनाथ पुढच्या सीटवर खुदकन हसला होता. सृष्टीनं मग पेटी मांडीवर ओढून घेतली.

शेडच्या पुढच्या बाजूला शिडी लावून मनाली झरोक्यापर्यंत चढल्या. मशीनच्या वर बिबट्याचं तोंड आणि रुंद छाती दिसत होती. पुरा वाढलेला नर, त्यांनी मनात म्हटलं. साठ किलो. डोस भरला. बिबट्या कूस बदलायला वळला, मांडी दिसली आणि डार्ट बसला. खाली टाळ्या पडल्या.

आता तो आडवा व्हायची वाट बघायची. पण तो काही आडवा होईना. मान खाली जायची, डोळे मिटत आल्यासारखे वाटायचे आणि एकदम दचकून तो पुन्हा उभा राहायचा. त्यात एकदा त्यानं पत्र्यावर अशी झेप घेतली की बाहेरची गर्दी किंचाळत मागे हटली, दोघे-तिघे पडले.

"मॅडम, लय पब्लिक हाय. शटर तोडून भाईर आला तर कुणाच्या हातात राहणार नाय," रंगनाथ खालून म्हणाला.

शेडचा मालक हर्षल शिडीला धरून उभा होता. "औषध लागलंच नाही वाटतं. अजून एक मारा ना मॅडम! माझी माणसं घाबरलीत."

डार्ट बसलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. सगळे त्यांच्याकडेच बघत होते, मोबाईलसुद्धा. त्यांनी दुसरा डार्ट भरला आणि गन खांद्याला लावली.

"मॅडम, थांबा!"

सृष्टी बाजूच्या बोळातून धावत आली होती. धाप लागलेली. "दुसरा नका मारू. मी मागच्या खिडकीतून बघितलं. मादी आहे. पोट पार खपाटीला गेलंय, बरगड्या दिसतायत. तुम्ही वजन किती धरलंत?"

"सृष्टी, ही वेळ आहे का?"

"भूल चढतेय तिला. पण आतला कॉम्प्रेसर मध्येच आपोआप सुरू होतो, तेव्हा ती दचकते. मी तीनदा बघितलं. प्लीज, मॅडम."

चारचौघांत असं कुणी अडवल्याला कितीतरी वर्षं झाली होती. मनालींची कानशिलं तापली. बोट घोड्यावरच होतं. ओठांवर उत्तर आलं होतं, की मी तुझ्या वयाची होते तेव्हापासून हे करतेय. पण साठ किलो त्यांनी कशावरून धरले होते? त्यांनी फक्त तोंड आणि छाती पाहिली होती. बाकीचा बिबट्या त्यांनी आधीच्या बिबट्यांवरून गृहीत धरला होता.

आत कॉम्प्रेसर धडधडला. पिवळी पाठ ताडकन वर आली.

त्यांनी गन खाली केली. शिडी उतरल्या. "चल, मला दाखव."

खिडकीच्या फुटक्या काचेतून त्यांना दिसलं ते सृष्टी म्हणाली तसंच होतं. एवढ्या भुकेल्या जनावराला पहिलाच डोस जड होता.

"हर्षल, मेन स्विच कुठे आहे? बंद करा. रंगनाथ, पोलिसांना सांगा, गच्च्या रिकाम्या करा. कुणी चकार शब्द काढायचा नाही."

"आणि आला भाईर तर?"

"ती जबाबदारी माझी."

शेड गप्प झालं. मग हळूहळू रस्ताही. दोघी खिडकीला डोळे लावून उभ्या होत्या. बिबट्यानं मान टाकली, उचलली, पुन्हा टाकली. पुढचे पाय पसरले.

"जाऊया?" सृष्टी कुजबुजली.

मनालींनी तिचं मनगट धरलं. "कान बघ." कान अजून हलत होता. तो हलायचा थांबला, त्यानंतरही त्यांनी तिला बराच वेळ सोडलं नाही.

आत गेल्यावर बिबट्याला जाळीत घेऊन वजनकाट्याला लावलं, तर चाळीस किलोही भरेना. रंगनाथनं आकडा वाचला आणि मनालींकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "मॅडम, श्वास!"

बरगड्या हलत नव्हत्या. मनाली गुडघ्यांवर बसल्या, सृष्टीनं ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली, रंगनाथनं जीभ बाहेर ओढली. मनालींनी भूल उतरवायचं इंजेक्शन टोचलं आणि दोन्ही हातांनी छाती दाबत राहिल्या. एकदा, पुन्हा, पुन्हा. मग हाताखाली एक बारीक उसासा फुगला. आणखी एक. दुसऱ्या डार्टनंतर हे शक्य झालं नसतं, हे तिघांनाही कळत होतं.

पिंजरा गाडीत चढल्यावर हर्षल हात जोडत आला. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून!"

"मी तिला मारायलाच निघाले होते," मनाली म्हणाल्या. "डॉक्टर सृष्टींनी अडवलं."

सृष्टी मान खाली घालून पेटी आवरत राहिली.

गाडी निघाली. मग मनालींनी विचारलं, "बाजूनं बघून वजन सांगायचं, हे कुठे शिकलीस?"

"जुन्नरला, ट्रेनिंगमध्ये. लहानू सर शिकवायचे. आता रिटायर झालेत." ती जरा थांबली. "सॉरी मॅडम, सगळ्यांसमोर मी..."

"नंबर आहे त्यांचा?"

सृष्टीनं फोन पुढे केला. मनालींनी तिथूनच लावला. पलीकडून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"नमस्कार सर. नाशिकहून डॉक्टर मनाली बोलतेय. मला तुमच्याकडे थोडं शिकायला यायचं होतं. कधी येऊ?"