अकरा फण्या

"मत्ते, मग हा फोटो काढला कुणी?" वकील सुमा मॅडमनी विचारलं, आणि मी नेहमीसारखं सगळ्यांच्या आधी उत्तर देऊन टाकलं.

"रघुकाकानं! ही मधली मी, बघा ना. चौथीत होते. केवढा गजरा घातलाय आईनं!"

फोटो खरंच छान होता. बेट्टदपुरची रघुकाकाची तंबाखूची भट्टी, दाराला आंब्याची पानं, पाटावर अकरा फण्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू आणि शेवंतीचं फूल. मागं अप्पा हात जोडून उभे. मी दात काढून हसतेय. आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस.

हसत मी मान वर केली, तर सुमा मॅडम हसत नव्हत्या. अप्पा फोटोकडे बघतच नव्हते. ते टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"गुरुराव, समोरच्या पार्टीचा जबाब आलाय," मॅडम अप्पांना म्हणाल्या. त्या कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत लिहितेय. "फोटो त्यांनीच जोडलाय. आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र. स्पंदना, तू वाच. इंग्रजी आहे."

वाचायला म्हणूनच मी यायचे. अप्पा आयटीआय शिकलेले. मशीनचं ड्रॉइंग ते पेपर वाचल्यासारखं वाचतात, पण वकिली इंग्रजी समोर आलं की चष्मा पुसत बसतात. आणि मी त्याच महिन्यात आंतरशालेय वादविवादात पहिली आलेली! कुठल्याही कागदाला भीक घालणार नाही, अशी माझी हवा होती. मी मोठ्यानं सुरुवात केली, "मी, रघु, वय पंचेचाळीस, राहणार बेट्टदपुर..." आणि तिथं थांबून मी ते नाव पुन्हा वाचलं.

आता फण्यांबद्दल सांगायला हवं.

आम्ही मूळचे रंगारी. पणजोबा कापड रंगवायचे, ठसे मारायचे. आता घरात कुणी रंगाला हात लावत नाही. अप्पांची मेटगळ्ळीत छोटी शेड आहे, दोन लेथ मशीन, बस. रघुकाका अप्पांचा चुलतभाऊ. त्यानं पिरियापट्टण तालुक्यात जमीन घेऊन तंबाखू लावला. भट्टीत सुकवायच्या आधी तंबाखूची पानं काठीला दोऱ्यानं बांधावी लागतात. बायका दिवसभर तेच करतात, बोटं कापतात, चीक लागून काळी होतात. एका सुट्टीत अप्पांनी ते पाहिलं आणि परत येऊन शेडमध्ये ठोकाठोकी सुरू केली. दोन वर्षांनी फणी झाली. दोन हात लांब पोलादी फणी. देठ दातांत अडकवायचे, वरची पट्टी लावायची, भट्टीत टांगायची. दोरा नाही, गाठ नाही. खरी गंमत पट्टीच्या स्प्रिंगमध्ये होती. देठ वाळून बारीक झाला की साध्या चिमट्यातून पान खाली पडतं. अप्पांची स्प्रिंग देठाबरोबर आवळत जाते. पान पडतच नाही.

याचं पेटंट मिळालं, दोन हजार तेवीसमध्ये. आईनं सर्टिफिकेटला फ्रेम केली आणि गल्लीभर पेढे वाटले.

आणि गेल्या श्रावणात पिरियापट्टणच्या एका दुकानात खोकी आली. परदेशातून बनून आलेल्या फण्या. हुबेहूब. किंमत एवढी कमी की अप्पांना त्यात नुसतं पोलादही आलं नसतं. शेतकऱ्यांनी त्या घेतल्या. मी असते तर मीही घेतल्या असत्या. अप्पा एक फणी घरी घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि डाव्या टोकाच्या टांगायच्या आकड्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

मी मात्र पेटले! कस्टम्सला पत्र मी टाइप केलं. त्यांचं उत्तर आलं, कोर्टाचा हुकूम आणा, मग माल अडवू. मग स्वस्त आयातीविरुद्ध दिल्लीला अर्ज, आणि इथं कोर्टात पेटंटभंगाचा दावा. सुमा मॅडमचं सरस्वतीपुरममधलं ऑफिस म्हणजे माझं दुसरं ट्यूशनच झालं होतं. सगळं कसं आमच्या बाजूनं चाललं होतं.

आणि आता हे. मी पुढं वाचलं. रघुकाकानं शपथेवर लिहिलं होतं की दोन हजार एकोणीसच्या आयुधपूजेला गुरुरावांनी अकरा फण्या त्याच्या भट्टीत पुजल्या, जमलेल्या शेतकऱ्यांना फुकट वाटल्या, आणि पुढचा अख्खा हंगाम गावानं त्या राजरोस वापरल्या.

"खरंय?" सुमा मॅडमनी विचारलं.

"हौदु," अप्पा म्हणाले. हो.

"पेटंटचा अर्ज कधी केला तुम्ही? फेब्रुवारी एकवीस! म्हणजे सोळा महिन्यांनी. अहो, अर्जाच्या आधी वर्षभराच्या आत चाचणी म्हणून वापरलं तर एक वेळ चालतं. त्याहून जास्त दिवस गावभर वापरात असेल तर पेटंटच रद्द होतं. पेटंट गेलं की दावा गेला, दिल्लीच्या अर्जाचा जीव गेला, कुणीही उठून फणी बनवेल. तुम्हाला अर्जाच्या वेळी कुणी विचारलं नाही?"

"विचारलं होतं ना. आधी विकलंय का म्हणून. मी नाही म्हणालो." अप्पांनी पहिल्यांदा मॅडमकडे पाहिलं. "विकलं नव्हतंच. वाटलं होतं."

मॅडमनी डोक्याला हात लावला. त्यांना कसं कळणार? आमच्यात नवीन काही केलं की पहिली खेप विकत नाहीत. आयुधपूजेला देवापुढं ठेवायची, चारचौघांना दाखवायची, वाटायची. पणजोबांचं म्हणणं होतं, झाकून ठेवलेला रंग चढत नाही. अप्पांच्या डोक्यात ती अकरा नगांची खेप हिशेबात नव्हतीच. ती देवाची होती.

घरी आल्यावर आईनं हकिकत ऐकली आणि हातातला झारा कढईवर आपटला.

"अय्यो, रघूनं? आपल्या रघूनं? बाळंतपणात मी ह्याच्या बायकोला चाळीस दिवस शेकवलं होतं! आणि ह्याची एवढी हिंमत?"

"पुष्पा, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! त्यांनाही कळू दे."

मी अप्पांचा मोबाइल घेतला आणि सरळ रघुकाकाला लावला. स्पीकरवर. वादविवादाचं बक्षीस काय उगाच मिळालं होतं?

"काय गं चिमणे," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. मला त्या आवाजाचाच राग आला.

"काका, तू त्या लोकांना कागद लिहून दिलास?"

फोनमधून वारा ऐकू येत होता. शेतावर असावा.

"एक अक्षर खोटं लिहिलं नाही मी."

"खरं लिहिलंस म्हणूनच तर! ते खरं आपल्या घरातलं होतं ना रे?"

"घरातलं?" काका हसला, पण हसण्यासारखं नव्हतं ते. "अप्पाला विचार, त्या पेटंटच्या कागदावर घरातलं कोण आहे. पहिल्या फण्या माझ्या भट्टीत टांगल्या. दोनदा पान जळालं माझं. पोळला माझा हात. नाव कुणाचं? गुरुराव. नुसता गुरुराव."

अप्पा पुढं वाकले. "रघू, मी तुला सहीला बोलावलं होतं. तूच म्हणालास, सुम्ने, उगाच कोण त्या फॉर्मांच्या नादाला लागेल, तूच कर अण्णा."

"म्हणालो असेन. तू परत एकदा विचारायचंस, अण्णा."

अप्पांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"हे लोक निदान मला विचारायला आले," काका म्हणाला. "दोन तालुक्यांची एजन्सी दिली. नमुना मागितला, दिला. मला कुठं माहीत होतं खोकी भरभरून आणतील म्हणून?"

"नमुना तूच दिलास ते मला माहीत होतं," अप्पा शांतपणे म्हणाले. "आकडा तिरका आहे रे त्यांच्या फणीचा. अख्ख्या तालुक्यात तुझ्याच भट्टीची आडवी दांडी वाकडी आहे. तिच्यासाठी मी तो तिरका केला होता. त्यांनी तोही तसाच उतरवलाय."

फोन बंद झाला. कुणी केला ते कळलं नाही.

मी अप्पांकडे बघतच राहिले. म्हणजे ज्या रात्री ती फणी टेबलावर आली, त्याच रात्री यांना कळलं होतं! सहा महिने मी अर्ज टाइप करतेय, हे पानापानावर सह्या करतायत, आणि दाव्यात रघुकाकाचं नाव कुठंच नाही. मला वाटलं होतं आम्ही परक्या कुणाशी लढतोय.

"का नाही सांगितलंत?"

"तुझा काका आहे तो," अप्पा म्हणाले. इतकंच.

रात्रभर माझं डोकं चालू होतं. सकाळी पोहे खाता खाता मी जाहीर केलं, "सापडलं! फोटोवर तारीख कुठाय? मोबाइलमधला मूळ फोटो काकाकडे नाहीच, तो मोबाइल त्याच्या विहिरीत पडला होता, आठवतं ना? हा छापलेला आहे. आपण म्हणायचं, हा दोन हजार वीसच्या पूजेचा. म्हणजे अर्जाच्या आधी चारच महिने. चाचणी! मी सांगीन कोर्टात, मी पाचवीत होते तेव्हा. चौथी काय, पाचवी काय, कोण मोजतंय?"

"हो की गं!" आईचे डोळे चमकले. "गाववाले कोण त्याच्या बाजूनं बोलायला येतंय? त्यांनी तुमचं फुकट खाल्लंय. अहो, पोरगी बरोबर बोलतेय."

अप्पांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला सारला. "बसची वेळ झाली," ते म्हणाले.

बसमध्ये मी उत्तरं पाठ करत होते. वर्ग कुठला, बाई कोण, गजरा कसला. मला खरंच वाटत होतं की मी अप्पांना वाचवणार आहे.

सुमा मॅडमनी कॉम्प्युटर उघडून ठेवला होता. प्रतिज्ञापत्राच्या एकेका परिच्छेदाला आम्ही कबूल की नाकबूल, ते लिहायचं होतं.

"मॅडम, आधी माझं ऐका," मी म्हणाले. "तो फोटो वीस सालचा..."

"एकोणीसचा," अप्पा म्हणाले.

"अप्पा!"

"स्पंदना, तू वाच फक्त."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "गुरुराव, विचार करून बोला. एकदा कबूल लिहिलं की मला मागं घेता येत नाही. पुराव्याचा भार त्यांच्यावर आहे, आपण गप्प राहू शकतो..."

"वाच," अप्पा मला म्हणाले.

मी वाचलं. परिच्छेद एक, रघु हा वादीचा चुलतभाऊ आहे. "कबूल." दोन, त्याची बेट्टदपुरात भट्टी आहे. "कबूल." तीन, एकोणीसच्या आयुधपूजेला फण्या पुजल्या. मी मुद्दाम हळू वाचलं, मध्ये थांबले, की आता तरी काही म्हणतील. "कबूल." चार, वाटल्या. "कबूल. अकरा. नावं हवी तर सांगतो." मॅडमची बोटं की-बोर्डवर चालत होती. पाच, सहा, सात. प्रत्येक वेळी तोच शब्द, त्याच आवाजात. शेडमध्ये ते तयार माल तपासतात ना, एकेक नग उचलून, बघून, खाली ठेवून, तसं. मला त्यांचा हात धरून ओरडावंसं वाटत होतं. आपल्याला फसवणाऱ्याचं एकेक वाक्य आपणच कसं उचलून धरायचं?

आठ, पुढचा अख्खा हंगाम गावानं फण्या वापरल्या. "कबूल."

"झालं," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत मागं टेकल्या. दावा संपला होता, हे त्यांना माहीत होतं. मलाही.

"नऊ आहे अजून," अप्पा म्हणाले.

"ते सोडा. सगळ्या प्रतिज्ञापत्रांत असतं तसलं शेवटी."

"वाच."

मी वाचलं. "वादी गुरुराव मला सख्ख्या मोठ्या भावासारखे आहेत, आणि आमच्यातलं नातं आजही तसंच आहे."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, ती सुरू होत नव्हती. अप्पांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

"नाकबूल," ते म्हणाले.

"गुरुराव, त्यानं केसवर काही फरक पडत नाही."

"लिहा."

मॅडमनी लिहिलं. कागद निघाले. अप्पांनी चारही पानांवर सह्या केल्या, टोपण लावून पेन मॅडमच्या पुढ्यात परत ठेवलं आणि म्हणाले, "उगाच थांबवून घेतलं तुम्हाला." मॅडम आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. एरवी त्या खुर्चीतून उठत नाहीत.

परतीच्या बसला गर्दी होती. मी पुढं बायकांच्यात शिरले, अप्पा मागं दांडी धरून उभे राहिले. मी मान वळवून वळवून बघत होते. कॉलेजातला एक मुलगा सीटवरून उठला आणि त्यांना म्हणाला, "कूत्कोळ्ळी, अज्जा." बसा, आजोबा.

अप्पा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. कुणी जागा दिली तर ते हसून "इरली, असू दे" म्हणतात आणि उभेच राहतात.

त्या दिवशी ते बसले.