शंभर टक्के समाधानी

शिवणवालीला सरकारी योजनेतून मिळायचा होता दुकानाचा एक गाळा. आठ बाय दहा, रस्त्याकडे तोंड, भरपूर उजेड. बारा वर्षं ती जिन्याखालच्या कोनाड्यात मान मोडून शिवत होती. काळ्या कापडावर काळा दोरा म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. सरकारी सोडतीत नंबर लागला त्या दिवशी तिने घरच्या फरशीवर खडूने गाळा आखला आणि त्यात उभी राहून शिलाई मशीन कुठे, आरसा कुठे, गिऱ्हाइकाने बसायचं कुठे, हे ठरवूनही टाकलं. जाऊ म्हणाली, "आता भाडं पण मागशील आमच्याकडे, स्वयंपाकघरात जायचं."

ताबा घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत. सोमवारी गाळे विभागातून पत्र आलं: आपण दोन वर्षांपूर्वी याच योजनेतून शिलाई मशीन घेतलं आहे, एका माणसाला एकच लाभ.

तिने कसलं घेतलंय! तिचं मशीन सासूच्या हातचं, पायडल करकरणारं. घेतलं होतं दुसऱ्याच कुणी, तिच्या ओळखपत्राची प्रत लावून आणि नोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर घालून. आता ओळख चोरीला गेल्याचा दाखला आणला, तरच गाळा.

दाखला मिळतो मदत कक्षात. दारावर कोरा करकरीत फलक होता: सुधारित सेवा, नव्वद दिवसांऐवजी तीन दिवसांत निकाल. ते वाचून दोघी जावांना जरा धीर आला. तो खिडकीपर्यंत टिकला.

"अंगठा जुळला, तक्रार नोंदवली," खिडकीतले काका म्हणाले. माणूस सालस होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "आता सगळे निरोप मोबाइलवर येतील."

"कुठल्या मोबाइलवर?"

काकांनी पडद्यात डोकावलं. "शेवटी सत्तेचाळीस आहे तो."

"अहो, तो माझा नाही. तो चोराचा!"

"असेल. पण नोंदीत तोच आहे."

"मग बदला ना."

"निकाल लागल्याशिवाय नंबर बदलता येत नाही, ताई."

जाऊ पुढे सरकली. "म्हणजे तक्रार झाल्याचं चोराला कळवणार?"

"तक्रारदाराला कळवणार. आता कॉम्प्युटरच्या लेखी तक्रारदार म्हणजे तो नंबर, त्याला मी काय करू?"

"पूर्ण नंबर तरी द्या, मी बोलते त्याच्याशी," शिवणवाली म्हणाली.

"तो गोपनीय असतो. कुणाचा नंबर असा कुणालाही देत नाहीत."

"चल गं," जाऊ म्हणाली, "आपण पण काहीतरी चोरू. त्याशिवाय इथे कुणी आपली एवढी काळजी घ्यायचं नाही."

मंगळवार गेला, बुधवार गेला. शिवणवालीने दोन ब्लाउज उलट्या बाजूने शिवले आणि उसवले. गुरुवारी ती कक्ष उघडायच्या आधीच पायरीवर बसली होती.

काकांनी तक्रार उघडली. मग चष्मा काढला. "तुमची तक्रार निकाली निघालीय."

"मग द्या दाखला."

"दाखला नाही. तक्रारदाराला विचारलं होतं, समाधान झालं का, झालं असेल तर एक दाबा. काल सकाळी एक दाबलाय. म्हणून बंद झाली."

"दाबला कुणी?"

काकांनी पडद्यावरच्या सत्तेचाळीसवर बोट ठेवलं. माणूस प्रामाणिक, म्हणून पुढचंही सांगितलं. "सेवेला पाच तारे दिलेत."

शिवणवाली तिथून तडक साहेबांच्या खोलीत शिरली. पाठोपाठ काका, हातात कोरा कागद घेऊन. साहेबांच्या टेबलावर रंगीत तक्ता होता आणि साहेबांचा त्यावर जीव होता.

"बाई, चिडू नका, आकडे बघा. या महिन्यात तीन दिवसांच्या आत सगळ्या तक्रारी निकाली. शंभर टक्के तक्रारदार समाधानी."

"त्यातले चोर किती, साहेब?"

साहेबांनी तक्ता वरून खाली, डावीकडून उजवीकडे खरोखर पाहिला. "तसा रकाना नाही," ते म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

काकांनी तेवढ्यात उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या: वादातल्या नंबरवर निरोप पाठवू नये. तक्रारदार खिडकीवर सांगेल तोच नंबर धरावा. साहेबांनी सही केली. समाधानी लोकांत चोर किती, हा प्रश्न वरच्या कार्यालयात विचारला गेला तर काय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"एक तारखेपासून लागू," साहेब म्हणाले.

"आणि माझं?"

"तुमची तक्रार एक तारखेच्या आधीची. एक तारखेला नवी करा."

"अहो, पण मुदत उद्या संपतेय!"

"मुदत गाळे विभागाची. ती आमच्या हातात नाही."

ती शुक्रवारी गाळे विभागात जाऊन भांडली, रडली, पुन्हा भांडली. संध्याकाळी गाळा प्रतीक्षा यादीतल्या घड्याळजीला गेला. एक तारखेला तिने नवी तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी दाखला हातात आला, गोल शिक्क्यासकट. तो दाखवायला आता जागा उरली नव्हती.

चोराला मशीन पचलं, वर सरकारने त्याला वेळेत सावधही केलं. साहेबांना सेवेतल्या सुधारणेबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. काकांना मेमो मिळाला, कॉम्प्युटर असताना हाताने लिहिल्याबद्दल. नव्या नियमाने पहिल्याच महिन्यात सतरा जणांना दाखले मिळाले आणि त्यांच्यातल्या एकालाही जास्तीचा हेलपाटा पडला नाही. त्या सतरा जणांचे हेलपाटे शिवणवालीने आधीच घालून ठेवले होते, आणि वर दंड म्हणून एक गाळाही भरला होता.